वेल कोणाची, बांध कोणाचा?



मागच्या महिन्यात एका रविवारी दुसरी मिस्सा संपल्यावर चर्चच्या मागच्या शेताचे मालक आपल्या आवारात आले. हातात एक उपटलेले रोप होते. पाने गुळगुळीत, चकचकीत हिरवी. मोडलेल्या देठातून पांढरा चीक गळत होता. "फादर, ही तुमच्या मांडवावरचीच वेल ना? माझ्या बांधावर पंधरा-वीस ठिकाणी उगवली आहे. शेळ्यांनी तोंड लावले तर काय करायचे?" एवढेच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. फादरांनी त्यांना बसवून चहा दिला आणि आम्हा बाग सांभाळणाऱ्या मंडळींना बोलावून घेतले. तेव्हापासून आमच्यात जी चर्चा चालू आहे, ती आमच्यापुरतीच ठेवणे बरे नव्हे असे वाटले, म्हणून हे लिहीत आहोत.

ही वेल आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. ग्रोटोसमोरच्या लोखंडी मांडवावर ती चढली आहे. मे महिन्यात, बाकी सगळे आवार करपलेले असताना, तिच्यावर फिकट जांभळ्या रंगाची घंटेसारखी फुले येतात आणि त्या सावलीत बसून आपण रोझरी म्हणतो. तिच्या शेंगा जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या. उन्हाळ्यात त्या तडकल्या की रेशमी केसांचे बी हवेत तरंगू लागते आणि धर्मशिक्षणाचा वर्ग सुटलेली मुले "म्हातारी, म्हातारी" म्हणत त्यामागे धावतात. ही गंमत आम्ही इतकी वर्षे कौतुकाने पाहिली. त्या म्हाताऱ्या कुंपणापलीकडे कुठे जाऊन पडतात, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही.

वेल लावली ती आपल्या एका आजींनी. त्या आता आपल्यात नाहीत. मुंबईला मुलीकडे गेल्या असताना तिथून त्यांनी एक फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. २०१३ च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत बायका रांगेत बसायच्या, तेव्हाही आजी घरी भांडी विसळलेले पाणी बादलीतून आणून वेलीच्या मुळाशी ओतायच्या. कोणी हसले तर म्हणायच्या, "आईच्या डोक्यावर सावली नको का?" म्हणून आज ही वेल काढण्याचा विषय निघाला की अनेकांच्या डोळ्यांत पाणी येते. आमच्याही आले.

पण आधी ही वेल आहे तरी कोण, ते पाहू. जाणकारांनी तिला पाहताच रबरवेल म्हणून ओळखले. मराठीत तिला विलायती वाखंडी असेही नाव आहे. तिचे मूळ घर मादागास्कर बेट. आपल्या देशात ती इंग्रजांच्या काळात आली. फुलांच्या शोभेसाठी आणली, तशीच चिकापासून रबर मिळेल या आशेनेही. हा चीक कातडीला आणि डोळ्यांना त्रास देतो, आणि पाला गुरे-शेळ्यांच्या पोटात गेला तर हृदयावर परिणाम होऊन जनावर दगावू शकते. शेजाऱ्यांचा प्रश्न उगाच नव्हता.

आमच्यापैकी काही जणांचे पहिले उत्तर असे होते: "आपला भाग कोरडा. इथे धड गवत उगवत नाही, तिथे ही वेल काय पसरणार? पाणी घातले म्हणून जगली. पाणी बंद केले की आपोआप मरेल." हे उत्तर आम्हाला फार पटले, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नव्हते. परंतु चौकशी केली तेव्हा कळले, की मादागास्करच्या ज्या नैर्ऋत्य भागातून ही वेल आली, तो भाग आपल्यासारखाच कोरडा आहे. तिचे मूळ खोल जाते. उन्हाळा तिला नवा नाही. आपण समजत होतो, परदेशची नाजूक पाहुणी आपल्या कृपेवर जगते आहे. प्रत्यक्षात तिला तिच्या माहेरासारखेच घर मिळाले होते.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने या समजुतीची मोठी किंमत मोजली. तिथेही १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात ही वेल शोभेसाठीच आली. खाणींतून निघालेल्या दगडमातीचे उघडेबोडके ढीग झाकावेत म्हणूनही ती लावली गेली. हेतू वाईट नव्हता. ओसाड जागेवर हिरवळ यावी एवढेच हवे होते. पण बी वाऱ्यावर गेले, ओढ्यांत पडले, पुराबरोबर वाहिले. नदीकाठची उंच झाडे वेलीखाली गुदमरली. गुरांना पाण्यापर्यंत पोचणे अवघड झाले. १९९० च्या सुमारास त्या राज्याच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्यात ती कमी-अधिक प्रमाणात पसरलेली आढळली. शेवटी १९९५ साली मादागास्करहून तिचा खास तांबेरा रोग शोधून आणून सोडावा लागला. तांबेऱ्याने तिचा जोर कमी झाला, पण वेल संपली नाही. कोणीतरी कौतुकाने लावलेल्या रोपासाठी पुढच्या पिढ्या अजून कुऱ्हाडी चालवीत आहेत.

आता आपल्या 'कोरड्या भागा'बद्दल. आमचा सारा भरवसा दुष्काळावर होता. वेल पसरत नव्हती, कारण तिला संधी मिळत नव्हती. आणि त्याचे श्रेय मात्र आम्ही आमच्या शहाणपणाला देत होतो. मग २०२५ चा सप्टेंबर आला. मराठवाडा, सोलापूर, अहिल्यानगर या कायम पाण्यासाठी आकाशाकडे पाहणाऱ्या जिल्ह्यांत पूर आले. आपल्या मागचा नाला दोन्ही काठ सोडून वाहिला. पाणी ओसरले आणि शेजाऱ्यांच्या बांधावर आजींची वेल उगवली.

यातून एक गोष्ट मनाला लागली. संधी नाही म्हणून जे घडत नाही, त्याला सद्गुण म्हणता येईल का? खिशात पैसे नाहीत म्हणून जो दारू पीत नाही, त्याला आपण संयमी म्हणत नाही. ज्याच्या हाती अधिकार नाही, त्याने लाच घेतली नाही यात विशेष काय? पाऊस पडल्यावर, पैसा हाती आल्यावर, खुर्ची मिळाल्यावर माणूस कळतो. दुष्काळ हे काही कुंपण नव्हे. ज्याने वेल लावली, कुंपण त्यानेच घालायचे असते, आणि तेही पाऊस येण्यापूर्वी.

दुसरे उत्तर असे, की आजींना हे ठाऊक नव्हते आणि त्यांचा हेतू शुद्ध होता. हे अगदी खरे आहे. आजींवर बोट ठेवावे असे आमच्या मनातही नाही. जुन्या करारात निर्गमच्या पुस्तकात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. एखाद्याचा बैल अचानक उधळून कोणाला शिंगे मारतो, तेव्हा बैलाचा बंदोबस्त होतो, पण मालक निर्दोष ठरतो. मात्र बैल मारका आहे हे आधीपासून माहीत असेल, लोकांनी मालकाला बजावले असेल, आणि तरीही त्याने बैल बांधून ठेवला नसेल, तर दोष मालकाचा. बैल तोच, शिंगे तीच. फरक फक्त माहीत असण्याचा. ख्रिस्तसभेचा १९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथही परिच्छेद १७३७ मध्ये हेच तत्त्व सांगतो: आपण न इच्छिलेल्या वाईट परिणामाचा दोष आपल्याकडे येण्यासाठी तो परिणाम आधी दिसण्याजोगा असावा लागतो आणि टाळणे आपल्या हाती असावे लागते. आजींना परिणाम दिसण्याजोगा नव्हता. आम्हाला मात्र शेजाऱ्यांनी येऊन रोपच दाखवले आहे. त्या रविवारपासून ही वेल आजींची राहिली नाही. ती आमची झाली.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. चर्चच्या सणाच्या दिवशी फुलझाडांचा स्टॉल लागतो तो आम्हीच लावतो. गेली काही वर्षे या वेलीची रोपे पिशव्यांत करून आम्ही वीस-वीस रुपयांना विकली. "कमी पाण्यावर जगते, भराभर वाढते, गुरे खात नाहीत" असे सांगून विकली. आज तेच शब्द आठवले की लाज वाटते. कमी पाण्यावर जगणारी, भराभर वाढणारी, गुरे टाळतात अशी वनस्पती मोकळी सुटली तर काय करील, हे त्या तीन गुणांतच लिहिलेले होते. आम्ही गुण वाचले, पुढचे वाचले नाही. संत थॉमस अक्विनास यांनी दूरदृष्टी आणि सावधगिरी यांना सुज्ञपणाची अंगे मानले आहे. आम्हाला वाटायचे, सावधगिरी म्हणजे भित्रेपणा. पण ज्याचे नुकसान होणार तो शेजारी असतो, तेव्हा सावधगिरी हा प्रेमाचाच एक प्रकार असतो.

नुकसान नेहमी शेजाऱ्याचेच होते, हेही याच वेलीच्या इतिहासात दिसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या सुरुवातीस, जपानने आग्नेय आशियातील रबराचे मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेला रबराची टंचाई पडली. तेव्हा हैती या गरीब कॅथलिक देशात हजारो एकरांवर हीच वेल लावण्याचा बेत झाला. त्यासाठी लहान शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, त्यांची फळझाडे तोडली. रबर निघाले ते जेमतेम काही टन. १९४४ साली योजना गुंडाळली गेली. योजना आखणारे आपल्या देशी परतले. ज्यांची आंब्याची झाडे गेली, त्यांना कुठे परतायचे होते?

तिसरे उत्तर थकलेल्या माणसाचे आहे: "वेडी बाभूळ झाली, गाजर गवत झाले, घाणेरी झाली. त्यात आणखी एका वेलीने काय बिघडणार?" हे म्हणणे समजण्याजोगे आहे. वेडी बाभूळ १९ व्या शतकात आणली, ओसाड माळ हिरवे व्हावेत आणि सरपण मिळावे म्हणून. घाणेरी आणली फुलांच्या हौसेने. गाजर गवत कोणी मुद्दाम आणले नाही, ते १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नजरेस आले आणि आज प्रत्येक पांदीला आहे. पण या प्रत्येक तणाचा एक पहिला बांध होता. त्या बांधावर पंधरा-वीस रोपे होती, आणि एका सकाळी कोणीतरी कुदळ घेऊन गेले असते तर काम संपले असते. तेव्हाच्या लोकांना कळले नाही. आपल्याला कळले आहे, आणि आपला बांध अजून पहिलाच आहे.

एका तरुण मुलाने सभेत वेगळाच प्रश्न विचारला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा होता. तो म्हणाला, "परदेशी म्हणून उपटायचे का? मग मिरची, बटाटा, टोमॅटो, पेरू, सीताफळ हे सगळे बाहेरचेच. आपल्या धर्मालाही लोक परकाच म्हणतात." सभा शांत झाली. त्याला उत्तर द्यायला आम्हाला आठवडा लागला. उत्तर असे: कोण कुठून आले हा प्रश्नच नाही. मिरची समुद्रापलीकडून आली आणि आपल्या ठेच्यात मिसळून गेली. तिने ज्वारीला शेतातून हाकलले नाही. सीताफळ दगडधोंड्यांत उगवते आणि वाटसरूला फळ देते. प्रश्न एवढाच, की आलेला दुसऱ्याला जागा ठेवतो की नाही. जी वेल ज्या झाडाच्या आधाराने वर चढते, त्याच झाडाचा प्रकाश हिरावून घेते, तिच्याविषयी सावध राहायचे. मग तिचे मूळ मादागास्करात असो की गावात. हा नियम वेलींना लागू आहे, तसा माणसांना आणि संस्थांनाही. आपण या गावात कसे राहतो, हे शेजारी पाहतात. ते आपल्या धर्माची पुस्तके वाचत नाहीत. आपला बांध आणि आपला नाला मात्र त्यांना रोज दिसतो.

काही ज्येष्ठांनी निदणाच्या दाखल्याची आठवण करून दिली. मालकाने नोकरांना निदण उपटू दिले नाही, कापणीपर्यंत थांबायला सांगितले. मग आपण घाई का करावी? आम्ही यावर फादरांशी बोललो. तो दाखला शेतीचा सल्ला नाही. प्रभूने स्वतःच शिष्यांना त्याचा अर्थ सांगितला, की शेत म्हणजे जग, आणि बी म्हणजे माणसे. कोण चांगला, कोण वाईट हा निवाडा आपण करू नये, असा त्याचा रोख आहे. शिवाय एक फरक विसरू नये. त्या दाखल्यात निदण शत्रूने पेरले होते. इथे पेरणारे आपणच आहोत. आपल्याच हाताने दुसऱ्याच्या शेतात गेलेले बी काढायला कापणीची वाट पाहणे, ही सहनशीलता नव्हे.

राहिली आजींची आठवण. हा मुद्दा आम्ही शेवटी ठेवला, कारण तोच सगळ्यांत अवघड आहे. आम्ही आजींच्या घरी गेलो. थोरल्या सूनबाईंनी सगळे ऐकून घेतले. बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंनी दुष्काळातसुद्धा कधी दुसऱ्याच्या हंड्यातले पाणी घेतले नाही. आपल्याच घरचे वापरलेले पाणी नेले. दुसऱ्याच्या बांधावर त्यांची वेल गेली हे त्यांना कळले असते, तर तुमच्याआधी त्याच विळा घेऊन गेल्या असत्या." त्यापुढे आम्हाला काही बोलायचे उरले नाही.

आपण माणसाची आठवण वस्तूत ठेवतो, आणि वस्तू सांभाळली की आठवण सांभाळली असे समजतो. आजींनी आपल्याला दिली ती सावली, आणि सावलीसाठी रोज बादली वाहून नेण्याची सवय. ती सवय वेलीबरोबर उपटली जात नाही. उलट वेल तशीच ठेवून शेजाऱ्यांच्या शेळ्या धोक्यात घातल्या, तर आजींच्या नावाला कायमचा डाग लागेल, आणि लावणारे आपण असू. मेलेल्या माणसाला आपली चूक दुरुस्त करता येत नाही. मागे राहिलेल्यांनी ती करायची असते. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो, त्यासारखेच हेही एक काम आहे.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. वेल काढल्यावर येणारा मे महिना उघडा जाईल. मांडवाच्या लोखंडी कांबी तापतील. रोझरीला बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना ऊन लागेल. पहिले एक-दोन उन्हाळे आपण काहीतरी गमावले आहे असेच वाटेल, कारण खरोखरच गमावलेले असेल. योग्य काम केले की लगेच बरे वाटते, असे नेहमी होत नाही. तोवर मांडवावर शेडनेट टाकू, आणि शेजारी कडुनिंबाचे रोप आजींच्या नावाने लावू. कडुनिंबाला वेळ लागतो. त्याला पाणी घालायची पाळी प्रत्येक घराने एकेक आठवडा घ्यावी, आणि पाणी आजींच्या पद्धतीनेच आणावे, म्हणजे भांडी विसळलेले.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर आपण वेल काढणार आहोत. कुदळ, टिकाव, कोयता ज्यांच्याकडे आहे त्यांनी आणावा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. चीक अंगावर व डोळ्यांत जाऊ देऊ नये. लहान मुलांनी दूर थांबावे. आधी शेंगा न फोडता पोत्यात भरायच्या आणि नंतर जाळायच्या. नुसते वरून छाटून भागत नाही, बुडातून पुन्हा फुटवे येतात, म्हणून मूळ खणून काढावे लागेल. छाटलेला पाला शेळ्या-गुरांच्या वाटेत पडू द्यायचा नाही. आवार झाले की, शेजाऱ्यांनी हो म्हटले आहे, त्यांच्या बांधावर आणि मागच्या नाल्यात जाऊ. तिचे बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पुढचे दोन पावसाळे पाऊस उघडला की नाल्यातून एक फेरी मारायची, एवढे व्रत घेतले तर काम होईल.

आणि आमच्या स्टॉलवरून ज्यांनी ज्यांनी हे रोप नेले, त्यांना विनंती: घरी जाऊन आपली वेल पाहा. तुमच्या कुंपणापलीकडे कोणाचे शेत आहे, तेही पाहा. वेल काढायला माणसे लागली तर आम्हाला सांगा, आम्ही येऊ. वीस रुपये परत हवे असतील तर तेही देऊ. फक्त आपल्या घरची 'म्हातारी' दुसऱ्याच्या बांधावर पडू देऊ नका.

बाग सांभाळणारी मंडळी